गोव्यातल्या कॉलेजच्या पोरांसाठी: ऑनलाइन गाणी कायद्यात राहून कशी मिळवायची – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्याजवळच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. आता पुस्तकाइतकेच गाण्याचे प्रश्न येतात, "मॅडम हे डाउनलोड केलं तर चालतं का", "मॅडम गॅदरिंगला हे लावू का", काउंटरवर येतात आणि रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर पण येतात. म्हणून एकदाच नीट लिहून काढलंय. पुस्तकाची झेरॉक्स किती काढायची ते लायब्ररी सांगते, मग गाण्याचंही लायब्ररीनेच सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण "पायरसी करू नका" असा नुसता बोर्ड लावून काही होत नाही, पोरांना दुसरी वाट दाखवायला लागते. मी वकील नाही, पण कायदा वाचून, विचारून लिहिलंय. पैशांचा मोठा व्यवहार असेल तर वकिलाला विचारूनच पुढे जा.

१. फुकट ऐकलं म्हणजे चोरीच का? यूट्यूबवर तर सगळं फुकटच आहे.

नाही. फुकट वेगळं आणि बेकायदेशीर वेगळं. म्युझिक कंपनीच्या किंवा कलाकाराच्या स्वतःच्या चॅनलवर गाणं आहे, मध्ये जाहिरात येते, त्या जाहिरातीचे पैसे हक्कवाल्यांना जातात, तुम्ही ऐकताय ते शंभर टक्के कायदेशीर. स्पॉटिफाय, जिओसावन ह्यांचं जाहिरातवालं फुकट व्हर्जन पण तसंच. गडबड होते ती कुणीतरी भलत्यानेच गाणं चढवलेलं असतं तिथे, आणि त्याहून जास्त ऐकण्याच्या ऐवजी फाइल काढून घेताना, त्यासाठी प्रश्न ६ बघा.

२. एका गाण्याचा मालक एकच असतो ना? गायकाला विचारलं की झालं?

हे समजलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात म्हणून जरा थांबून वाचा. एका गाण्यात कमीत कमी तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, आणि स्टुडिओत बसून जे रेकॉर्ड झालं ते बहुतेक वेळा कंपनीचं किंवा ज्याने पैसे घातले त्याचं. गायक वादकांना त्याशिवाय कलाकार म्हणून वेगळे हक्क आहेत. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, २०१२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, पुढे जी कलमं येतात ती ह्याच कायद्यातली. म्हणून "मी गायकाला ओळखतो, तो माझ्या मावशीच्या वाड्यावरचाच" हे चांगलं आहे, पण तेवढ्याने तिन्ही परवानग्या मिळत नाहीत.

३. स्टुडंट प्लॅन म्हणजे काय, आणि माझ्याकडे कॉलेजचा ईमेल नाहीये, मग मिळेल का?

स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक, ॲपल म्युझिक ह्या तिघांचेही विद्यार्थ्यांसाठी स्वस्त प्लॅन आहेत, नेहमीच्या प्लॅनपेक्षा बरेच कमी पैसे. भाव मी मुद्दाम लिहीत नाही कारण ते बदलत राहतात, ॲपमध्ये बघून घ्या. तुम्ही खरंच शिकताय का हे तपासायचं काम ह्या कंपन्यांनी दुसऱ्यांना दिलेलं आहे, स्पॉटिफाय आणि यूट्यूबसाठी शीअरआयडी, ॲपलसाठी युनिडेज. कॉलेजचा ईमेल नसला तरी घाबरू नका, शीअरआयडीवर कॉलेजचं नाव निवडून कागद अपलोड करायची सोय असते. चालू वर्षाची तारीख दिसणारं आयडी कार्ड किंवा फी भरल्याची पावती. आमच्याकडची दर दुसरी तक्रार "माझं रिजेक्ट झालं" अशी असते, आणि बघायला गेलं तर फोटोत ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा बरोबर नावावर पडलेला, नाहीतर कार्ड मागच्या वर्षाचं, नाहीतर कार्डावर "कु. स. शे. नाईक" आणि फॉर्ममध्ये पूर्ण नाव. खिडकीपाशी उजेडात फोटो काढा, नाव आहे तसंच टाका.

एकदा मिळाला की साधारण वर्षाने परत तपासणी होते आणि सगळे मिळून चार वर्षांपर्यंतच मिळतो. बीए करून एमएला जाणाऱ्यांनी हा हिशोब आधीच करा.

४. मी अकरावी-बारावीला आहे, हायर सेकंडरीला. मला मिळतो का?

नाही, हा प्लॅन कॉलेज युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्यांसाठी आहे, स्पॉटिफायला तर वय पण १८ पूर्ण लागतं. दादाचं कार्ड वापरून काढू नका, पुढे त्यालाच त्याच्या वर्षात मिळणार नाही. तोपर्यंत प्रश्न १ आणि ९ मधले फुकटचे रस्ते आहेतच.

५. आम्ही हॉस्टेलवर पाचजणी मिळून फॅमिली प्लॅन घेतला तर? पत्ता तर एकच आहे!

हा प्रश्न दर जूनला येतो, आणि पत्त्याचा मुद्दा हुशारीचा आहे हे मी मान्य करते. पण अटीत एकाच घरात राहणारं कुटुंब असं आहे, नुसता एक पत्ता नाही. यूट्यूबच्या फॅमिलीत मुख्य माणूस धरून सहाजण बसतात. ह्यात पोलीस वगैरे येत नाहीत, हा तुमचा आणि कंपनीचा करार आहे, पण अकाउंट बंद होऊ शकतं आणि मग पैसे कुणी भरले, परत कुणी द्यायचे ह्यावरून रूममध्ये भांडणं होतात ती वेगळीच. त्यापेक्षा घरच्यांबरोबर फॅमिली प्लॅन घ्या, आईला नाट्यगीतं ऐकता येतील, बाबांना भजनं. किंवा प्रत्येकीने आपापला स्टुडंट.

६. यूट्यूबवरून एमपीथ्री काढून देणाऱ्या साइट आहेत, आणि मॉड ॲप पण मिळतात प्रीमियमवाली. फक्त स्वतःसाठी वापरलं तर काय बिघडतं?

पहिलं, यूट्यूबच्या अटींमध्येच आहे की त्यांनी दिलेल्या बटणाशिवाय डाउनलोड करायचं नाही. दुसरं, मॉड ॲपमध्ये कंपनीने घातलेलं कुलूप फोडलेलं असतं आणि हक्क मोडण्याच्या हेतूने असं कुलूप फोडणं हा २०१२ पासून कलम ६५अ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते ॲप कुणी बनवलं हे कुणालाच माहीत नसतं आणि त्यात तुम्ही तुमच्या जीमेलने लॉगिन करता. आमच्या एका विद्यार्थ्याचा फोन मी हातात घेऊन बघितलाय, गाण्याचं ॲप आणि त्याला परवानगी एसेमेस वाचायची. गाण्याला एसेमेस कशाला पाहिजे? ओटीपी एसेमेसमध्येच येतात ना. तिथल्या तिथे काढायला लावलं.

"फक्त स्वतःसाठी" ह्याला कायद्यात जागा आहे, कलम ५२ मध्ये खाजगी वापर, अभ्यास, संशोधन ह्यासाठी वाजवी वापराची सूट आहे. पण वाजवी हा शब्द तिथे आहे, आणि हजार गाण्यांची लायब्ररी फुकट भरून घेणं त्यात बसेल ह्या भरवशावर मी कुणालाच राहू देणार नाही.

७. बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात कार्डात गाणी भरून घेतली, पैसे पण दिले. मग ती माझी झाली ना?

पैसे दिले म्हणून चोरीचा माल आपला होत नाही. ते पैसे दुकानदाराला गेले, कवी, संगीतकार, कंपनी, कुणालाच दमडी नाही. कदंबच्या बसने सांग्याहून रोज येणारा एक मुलगा असंच कार्ड घेऊन आला होता, वाटेत रेंज नसते म्हणून भरून घेतलेलं, आणि त्याचं कारण मला शंभर टक्के पटलं. कार्ड उघडलं तर गाण्यांची नावंच नाहीत, नुसतं ट्रॅक झिरो वन, झिरो टू आणि पुढे कुठल्यातरी साइटचा पत्ता, कोण गातंय, कुणी लिहिलंय काहीच कळत नाही. त्याला स्टुडंट प्लॅन काढून दिला, रात्री कॉलेजच्या वायफायवर नाहीतर घरी गाणी ऑफलाइन उतरवायची आणि सकाळी बसमध्ये ऐकायची. रेंजचा प्रश्न असलेल्या सगळ्यांनाच मी हेच सांगते.

८. पैसे भरून ॲपमध्ये डाउनलोड केलेली गाणी तरी माझी ना? प्लॅन संपला की काय होतं?

नाही, ती भाड्याची. स्पॉटिफायवर प्रीमियममध्ये एका डिव्हाइसवर १०,००० गाणी उतरवता येतात, पाच डिव्हाइसपर्यंत, पण ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडायला लागतं. प्लॅन संपला की उतरवलेलं उघडत नाही. आणि कंपनीच बंद झाली तर? २०२४ मध्ये एअरटेलचं गाण्याचं ॲप विंक बंद झालं तेव्हा आमच्या पोरांच्या वर्षानुवर्षांच्या प्लेलिस्ट अडकल्या.

हे दुखणं नवीन नाही. अमेरिकेत नॅप्स्टर १९९९ ला आलं, हॉस्टेलमधली पोरं एकमेकांच्या फायली उतरवायला लागली, २००१ मध्ये कोर्टाने ते बंद पाडलं. मग पेन स्टेट युनिव्हर्सिटीने नोव्हेंबर २००३ मध्ये नव्या, कायदेशीर नॅप्स्टरशी करार केला की हॉस्टेलच्या मुलांना युनिव्हर्सिटीतर्फे गाणी ऐकायला मिळतील. कल्पना चांगली, पण गाणं आयपॉडवर चालायचं नाही, मॅकवर चालायचं नाही, कायमचं ठेवायचं तर प्रत्येक गाण्याचे ९९ सेंट वेगळे. नंतर रकस नावाची सेवा कॅम्पसवर फुकट द्यायची, ती फेब्रुवारी २००९ मध्ये बंद पडली. म्हणजे कायदेशीर सोय करून भागत नाही, ती पोरांच्या हातातल्या यंत्रावर चालायला पाहिजे, नाहीतर पोरं परत जुन्याच वाटेने जातात. आमच्या कॉलेजात कुणी नवीन सेवा घ्यायची म्हटली की मी पहिला प्रश्न हाच विचारते, स्वस्तातल्या अँड्रॉइडवर चालते का?

आवडीचा अल्बम कायमचा पाहिजे असेल तर विकत घ्या, बँडकॅम्पसारख्या ठिकाणी फाइल कुलपाशिवाय मिळते आणि ती तुमच्याकडेच राहते. त्याबद्दल प्रश्न १७ मध्ये आणखी आहे.

९. एक पैसा न देता, पूर्ण कायदेशीर, कुठे कुठे मिळेल?

भरपूर ठिकाणी, आणि हे पोरांना कुणी सांगतच नाही ह्याचं मला वाईट वाटतं. आकाशवाणीचं न्यूजऑनएअर ॲप घ्या, त्यात पणजी केंद्र लाइव्ह ऐकता येतं, आणि रागम नावाचं चोवीस तास शास्त्रीय संगीताचं चॅनल आहे, २६ जानेवारी २०१६ पासून चालू आहे, गायनाच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी तर रोज लावून ठेवावं. स्टाफ नोटेशन पाहिजे असेल, म्हणजे पियानो व्हायोलिनवाल्यांना, तर आयएमएसएलपी ह्या साइटवर कॉपीराइट संपलेल्या रचनांचे कागद मिळतात. प्रोजेक्टच्या व्हिडिओमागे लावायला संगीत पाहिजे तर यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी, फ्री म्युझिक आर्काइव्ह. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या तबकड्यांचा खजिना आहे, पण तिथे लोकच चढवतात त्यामुळे प्रत्येक वस्तू मोकळी आहेच असं नाही, प्रश्न १० मधला हिशोब करून बघा.

क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे मालकाने काही अटींवर सगळ्यांना आधीच दिलेली परवानगी, असं लिहिलेलं असेल तर पुढची अक्षरं वाचा. बीवाय म्हणजे नाव द्या. एनसी म्हणजे धंद्यासाठी नको. एनडी म्हणजे बदल करायचा नाही, म्हणजे व्हिडिओखाली जोडायला पण नाही, इथेच पोरं चुकतात. एसए म्हणजे तुमचं काम पण त्याच अटीवर मोकळं करायचं.

१०. जुनी गाणी तर कॉपीराइटमधून सुटलेली असतात ना? किती जुनी?

हिशोब दोन आहेत, म्हणून घोळ होतो. शब्द आणि चाल ह्यांचा हक्क माणसाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. दोन्ही पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजायचे. १९६० मध्ये निघालेली तबकडी १ जानेवारी २०२१ ला मोकळी झाली, पण त्यातला कवी १९९० मध्ये गेला असेल तर शब्द २०५० संपेपर्यंत मोकळे नाहीत.

आपल्याच मंगेशीचं उदाहरण घ्या. मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये गेले, त्यांनी स्वतः बांधलेल्या चालींचा हक्क २००२ च्या शेवटी संपला. त्याच गावचे पंडित जितेंद्र अभिषेकी १९९८ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०५८ संपेपर्यंत हक्कात आहेत. देवळाची पायरी एकच, पण हिशोबात छप्पन्न वर्षांचा फरक. आणि केरीच्या केसरबाई केरकर, ज्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीत अंतराळात गेली, त्या त्याच साली वारल्या, पण त्यांच्या तबकड्यांचा हिशोब मृत्यूवरून होत नाही, तबकडी कुठल्या साली निघाली त्यावरून होतो. त्यामुळे पन्नाशीच्या दशकातल्या किंवा त्याआधीच्या तबकडीच्या रेकॉर्डिंगचा हक्क आता संपलेला आहे.

एक मेख: जुनंच गाणं कुणी परत नव्याने गाऊन रेकॉर्ड केलं तर त्या नव्या रेकॉर्डिंगला नवी ६० वर्षं.

११. मांडो, धालो, फुगडी, घुमट आरती, हे तर आपलं लोकांचंच. त्याला कुठला कॉपीराइट?

ज्याचा कर्ता माहीत नाही, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, अशी धालो फुगडीची गाणी, जुन्या आरत्या खुशाल गा, वाजवा. पण मांड्याच्या बाबतीत सावध राहा, पुष्कळ मांड्यांचे कर्ते नावानिशी माहीत आहेत, तिथे प्रश्न १० चा हिशोब लावायचा. आणि गाणं लोकांचं असलं तरी अमुक पथकाने स्टुडिओत जाऊन केलेलं रेकॉर्डिंग त्या पथकाचं किंवा निर्मात्याचं.

कायदा बाजूला ठेवून एक सांगते. घुमट २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य झालं, तेव्हापासून प्रोजेक्ट करणारी पोरं वाड्यावाड्यावर रेकॉर्डर घेऊन जातात, फार चांगलं आहे, पण ज्या आज्यांनी अंगणात बसून दोन तास गाणी म्हटली त्यांना विचारल्याशिवाय ती इंटरनेटवर टाकू नका. विचारा, नाव लिहा, आणि रेकॉर्डिंगची एक प्रत त्यांच्या घरी नेऊन द्या.

१२. वर्गात सर गाणं लावतात ते चालतं का? आणि ऑनलाइन क्लासच्या रेकॉर्डिंगचं काय?

वर्गात चालतं. कलम ५२ मध्ये शिक्षक आणि विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेल्या वापराला सूट आहे, प्रश्नपत्रिकेत घालायला पण आहे. २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने पुस्तकांच्या झेरॉक्सच्या प्रकरणात ह्या सवलतीचा अर्थ बराच मोकळा धरला, शिकवण्याला जेवढं लागतं तेवढं घ्या. ऑनलाइन क्लासची लिंक फक्त वर्गाच्या मुलांना असेल तोपर्यंत मला अडचण दिसत नाही. तीच रेकॉर्डिंग सगळ्या जगासाठी उघडी टाकली की सवलत तिथेच संपते.

१३. गॅदरिंगला आणि फेस्टला गाणी लावायला परवानगी लागते का?

प्रेक्षक कोण आहेत ते बघा. कॉलेजच्या कार्यक्रमात स्टाफ, विद्यार्थी, पालक आणि कॉलेजशी संबंधित माणसं एवढेच असतील तर रेकॉर्डेड गाणं लावायला कलम ५२ ची सूट आहे. बाहेरची कॉलेजं आली, तिकीट लावलं, स्पॉन्सरचा बॅनर आला, डीजे आणला, की मग ती सूट धरून बसू नका, लायसन्स घ्या. शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस (कवी-संगीतकारांची कॉपीराइट सोसायटी), रेकॉर्डिंगसाठी पीपीएल (म्युझिक कंपन्यांतर्फे लायसन्स देणारी संस्था) किंवा ज्या कंपनीचं गाणं ती. दोन्ही वेगळी का ते प्रश्न २ मध्ये आहे. डीजे म्हणतो "माझ्याकडे सगळं आहे", त्याला कागद दाखवायला सांगा.

१४. पण गॅदरिंगचा व्हिडिओ टाकला तर आवाजच गेला, ते का?

कारण सभागृहात वाजवायची सूट आणि इंटरनेटवर टाकायची परवानगी ह्या दोन गोष्टी आहेत. आमचंच सांगते. एका वर्षी अख्ख्या गॅदरिंगचा व्हिडिओ आम्ही एकाच फाइलमध्ये चढवला, अडीच तासांचा, त्यात चार डान्स सिनेमाच्या गाण्यांवर. आमच्या एका मुलीचे बाबा शिपवर असतात, सहा सहा महिने घरी नसतात, त्यांनी कुठल्यातरी बंदरावर वायफाय मिळाल्यावर मुलीचा डान्स लावला आणि मुलगी नुसती हात हलवताना दिसली, आवाज नाही. तिने मला स्क्रीनशॉट आणून दाखवला तेव्हा मला फार लागलं, कारण चूक आमची होती. तेव्हापासून सिनेमाच्या गाण्यांवरचे डान्स वेगळे कापून पालकांना खाजगीत देतो, आणि उघड्या चॅनलवर फक्त पोरांनी स्वतः वाजवलेलं, हक्क संपलेलं किंवा परवानगीचं जातं.

यूट्यूबवर आवाज ओळखणारी यंत्रणा आहे, तिने पकडलं की बहुतेक वेळा आवाज जातो किंवा जाहिरातीचे पैसे हक्कवाल्याला जातात. हक्कवाल्याने रीतसर तक्रार केली तर स्ट्राइक बसतो, आणि ९० दिवसांत तीन झाले की चॅनल बंद. इन्स्टाग्रामवर कॉलेजचं खातं बिझनेस म्हणून असेल तर चालू गाणी दिसत नाहीत ती ह्याचमुळे, ती सोय खाजगी वापरासाठी दिलेली आहे.

१५. मैफलीत मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर? आणि मी स्वतः गायलेलं कव्हर टाकलं तर?

मैफलीचं स्वतःच्या ऐकण्यासाठी किंवा खऱ्या अभ्यासासाठी रेकॉर्डिंग केलं तर कलम ३९ प्रमाणे कलाकाराचा हक्क मोडत नाही. आयोजकांनी मनाई केली असेल तर ती पाळा. पण तेच रात्री ग्रुपवर किंवा यूट्यूबवर टाकलं तर मोडतो. कला अकादमीत बुवांनी मध्येच थांबून "बाळा फोन खाली ठेव" म्हटलेलं मी ऐकलंय, विचारून केलं असतं तर बहुधा होच म्हणाले असते.

कव्हरमध्ये आवाज तुमचा असला तरी शब्द आणि चाल दुसऱ्याची आहे. कायद्यात कव्हरसाठी ठरलेलं लायसन्स आहे, पण मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपून पाच वर्षं झाल्याशिवाय नाही आणि रॉयल्टी वर्षाला कमीत कमी ५०,००० प्रतींची धरतात, म्हणजे विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं नाही. प्रत्यक्षात यूट्यूबवर कव्हर राहतं आणि कमाई चालीच्या मालकाला जाते, पण ते राहणं त्यांच्या मर्जीवर. कराओके ट्रॅक वापरला तर त्याचा हक्क पुन्हा वेगळा. तंबोरा पेटी घेऊन गा, एक भानगड कमी होते.

१६. कॉलेजनेच एक प्रीमियम अकाउंट घेऊन लायब्ररीत लावलं तर? किंवा ते वन नेशन वन सबस्क्रिप्शन आहे ना?

साधं अकाउंट एका माणसाच्या खाजगी वापरासाठी असतं, संस्थेने ते सगळ्यांना वाटणं अटीत बसत नाही. संस्थेसाठी वेगळ्या सेवा आहेत, नॅक्सॉस म्युझिक लायब्ररीसारख्या, पुस्तकांच्या डेटाबेससारखं कॉलेज वर्गणी भरतं आणि मुलं लॉगिन करून ऐकतात. त्यात पाश्चात्य शास्त्रीय जास्त, आपल्याकडे व्हायोलिन पियानो शिकणारी पोरं गावोगाव आहेत त्यांना उपयोगी.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन १ जानेवारी २०२५ पासून चालू झालं, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, सरकारी संस्थांसाठी. ती संशोधनाची नियतकालिकं आहेत, गाणी नाहीत. भैरवीवरचा लेख वाचायला मिळेल, भैरवी ऐकायला मिळणार नाही. अमेरिकेत २००८ च्या उच्च शिक्षण कायद्याने युनिव्हर्सिटींना सांगितलं की चोरी थांबवा आणि जमेल तितके कायदेशीर पर्याय पण द्या. आपल्या कॉलेजांवर तसं बंधन नाही, म्हणून मागायला लागतं. लायब्ररी कमिटीत विद्यार्थी प्रतिनिधी असेल तर त्याच्याकडे लेखी द्या, पंचवीस सह्या असलेला एक कागद माझ्या दहा तोंडी विनंत्यांपेक्षा जास्त चालतो.

१७. पण खरंच पकडतात का कुणाला? आणि ह्या सगळ्याने कलाकाराला काय मिळतं?

कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आणि ५०,००० ते दोन लाख दंड आहे, धंद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट कमी करू शकतं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलं. अमेरिकेत २००३ मध्ये चार विद्यार्थ्यांवर कंपन्यांनी केस केली आणि प्रत्येकाने १२,००० ते १७,५०० डॉलर देऊन मिटवली. पण मी पोरांना भीती घालत नाही, भीतीने कुणी सुधारलेलं मी बघितलं नाही.

त्यापेक्षा तियात्रातला, म्हणजे आपल्या कोंकणी नाटकातला, कांतार (गाणं) गाणारा माणूस डोळ्यासमोर आणा. त्याने स्वतःच्या पैशाने सीडी काढली, आठ दिवसांत गाणी ग्रुपवर फिरली, पुढची सीडी त्याने काढलीच नाही. स्ट्रीमिंगमधून एका ऐकण्यामागे फार थोडं मिळतं हे खरं आहे, पण फॉरवर्डमधून शून्य मिळतं. बँडकॅम्पवर विकत घेतलं तर साधारण ८२ टक्के कलाकाराकडे जातात, त्यांच्या ठरलेल्या शुक्रवारी तर त्याहून जास्त. ओळखीचा गोवेकर कलाकार असेल तर त्याला थेट विचारा, "तुमचं कुठे घेतलं तर तुम्हाला जास्त मिळतं?" इतक्या आनंदाने सांगतात.

१८. मी डीजेचं काम करतो सुट्टीत. लग्नात आणि चवथीला तर सूट आहे ना?

खऱ्या धार्मिक विधीला आणि लग्नाच्या वरातीला, लग्नाशी जोडलेल्या सामाजिक समारंभाला कलम ५२ मध्ये सूट आहे. जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारने त्यावरून परिपत्रक काढलं होतं की लग्नात हॉटेलांकडे परवानगी मागू नये, ते मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. कलम आहे तसंच आहे, पण परिपत्रकाचा कागद दाखवून काम होणार नाही. चवथीची आरती म्हणजे विधी, रात्रीचा ऑर्केस्ट्रा म्हणजे विधी नाही.

१९. मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडर वापरतो. गाण्यांचे शब्द आणि नोटेशन ब्रेलमध्ये करून घेता येतील का?

हो, आणि परवानगीशिवाय. दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात कुठलंही काम बदलून घ्यायला २०१२ पासून कायद्यातच सूट आहे, आणि ह्या विषयावरच्या माराकेश कराराला सगळ्यात आधी मान्यता देणारा देश भारत. फक्त ते ना नफा तत्त्वावर पाहिजे. आमच्याकडे या, आम्ही टाइप करून देतो, मागच्या वर्षी एकाला बंदिशींची वही अशीच करून दिली.

२०. मी स्वतः गाणी लिहितो आणि चाली लावतो. एक कंपनी सही मागतेय. काय बघू?

सही आजच करू नको, कागद घरी ने. २०१२ नंतर कायदा तुझ्या बाजूने बराच आहे: सिनेमात किंवा रेकॉर्डिंगमध्ये गेलेल्या शब्द आणि चालीच्या रॉयल्टीतला तुझा समान वाटा तू कंपनीला लिहून देऊच शकत नाहीस, तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. लेखक किंवा संगीतकार म्हणून आयपीआरएसचा सभासद होता येतं, ते आधी कर. मग करारात मुदत आणि प्रदेश शोध. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण विश्वात" असे शब्द दिसले तर त्याखाली पेन्सिलने रेघ मार आणि तो कागद घेऊन लायब्ररीत ये, दुपारी दोन ते चार मी काउंटरवर असते.